स्वस्थ

आपल्या भाषेत 'स्वस्थ' या एकाच शब्दाने निरोगी मनुष्याचा बोध होतो आणि हालचाल न करता पडून राहिलेल्या मनुष्याचाही. या दोन अर्थांची गल्लत होऊन, मोठ्या दुखण्यातून उठलेल्याला घरची वडीलधारी मंडळी 'आता स्वस्थ पडून राहा' अशी जी मायेची ताकीद देतात, तिच्यापायी किती हात आणि किती माना कायमच्या जायबंदी झाल्या असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरी सापडावयाची नाही.

ठाण्यातील कोलशेत रस्त्यावर, जेथे एकेकाळी सँडोझ आणि बायर यांचे कारखाने होते, तेथे आता उत्तुंग इमारती उभ्या आहेत. त्यांतील एका घराच्या भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा दिसल्या. नातवाची उंची मोजली असेल, अशा समजुतीने मी कौतुक केले, तर त्या आजींच्या निघाल्या! स्तनाच्या कर्करोगासाठी झालेल्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्यांचा खांदा आखडला होता. रोज भिंतीशी उभे राहून बोटे कोळ्यासारखी वर चढवावयाची आणि जेथे थांबतील तेथे रेघ ओढावयाची, हा फिजिओथेरपिस्टबाईंचा हुकूम. काखेतल्या गाठी गेल्या की लसद्रव वाहून नेण्याची वाट अरुंद होते व हातावर सूज चढण्याचे भय राहते. स्नायूंची हालचाल हा द्रव पुढे ढकलते, म्हणून हात जपून ठेवण्यापेक्षा जपून वापरणे बरे. तंबाखूने ज्यांचे तोंड गेले, त्यांची कथा याहून क्लेशकारक आहे : किरणोपचाराने जबड्याचे स्नायू ताठरतात आणि तीन बोटे मावावीत तेथे एक शिरणेही मुश्कील होते. मग आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांत धरून तीत एकेक काडी वाढवावी लागते.

भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर सुखाची स्थिती हाच शत्रू ठरतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत झालेल्या स्फोटांनी या भागाला आगीची दहशत पुरती कळली आहे; आणि ठाण्याला खेटून असलेल्या ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे. मान भाजली असता हनुवटी छातीकडे झुकवली की कातडीवरचा ताण कमी होऊन आराम वाटतो, पण जखम भरताना कातडी आक्रसते आणि मान त्याच अवस्थेत जखडून जाते. म्हणून अशा रुग्णाला उशी वर्ज्य असते, आणि नातेवाईक ती रात्री लपवून आणतात! पुढे व्रण दडपण्यासाठी घट्ट शिवलेला पोशाख दिवसाचे २३ तास, वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ घालावयाचा. ठाण्याच्या वैशाखात हे काय असते, ते घालणाऱ्यालाच ठाऊक.

अवयवप्रत्यारोपणाचा मामला निराळाच. परळला १९४१ साली स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या शेजारी, के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत हृदयप्रत्यारोपणाचा देशातील पहिला प्रयत्न केला. रुग्ण काही तासांतच दगावला. आज असे रुग्ण चालतात, जिने चढतात. मात्र प्रत्यारोपित हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असल्याने 'वेग वाढव' हा मेंदूचा हुकूम तारेने न जाता रक्तातील संप्रेरकांच्या द्वारे, जणू टपालाने, पोचतो. एरवीही ते मिनिटाला ९० ते ११० ठोके देते, म्हणून नाडीवर भरवसा ठेवता येत नाही. चालणे अगदी सावकाश सुरू करून सावकाशच थांबवावे लागते, आणि श्रम किती झाले याचा अंदाज धाप लागण्यावरून घ्यावा लागतो. मूत्रपिंड बसविलेल्यांचा शत्रू वेगळा : शरीराने अवयव नाकारू नये म्हणून दिलेली स्टिरॉइडे मांड्यांचे बळ खातात, तेव्हा खुर्चीवरून हात न टेकता उठणे हाच त्यांचा पराक्रम.

कोलशेतच्या भिंतीवरची सर्वांत वरची रेघ आता कॅलेंडरच्या खिळ्याला भिडली आहे, आणि महिना बदलला की पान उलटण्याचे काम आजींनी नातवाकडून काढून स्वतःकडे घेतले आहे.