कथेच्या आधीची कथा : खांडेकरांचा ‘ययाती’

आमच्या वरच्या वर्गांतील मुले कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून इंग्रजी अद्भुत कादंबऱ्या आणतात, हे पालकांना ठाऊक आहेच. त्यांच्या बोलण्यात ‘प्रीक्वेल’ हा शब्द हल्ली फार येतो. एखादी कथा गाजल्यावर तिच्याही आधी काय घडले ते सांगणारे पुस्तक म्हणजे प्रीक्वेल. आपण त्याला पूर्वकथा म्हणू. सी. एस. लुईस यांच्या १९५० सालच्या नार्निया कथेत बर्फाळ रानात एकटाच एक दिव्याचा खांब उभा आहे. तो तिथे कसा आला, हे वाचकांना १९५५ साली ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’मध्ये कळले. नार्नियाला छळणारी चेटकीण मुळात कुठली, हेही त्याच पुस्तकात कळते. हट्टापायी तिने स्वतःचे जग आधीच संपवलेले असते. ते वाचून चेटकीण समजते, पण तिची कीव काही येत नाही.

हा प्रकार मराठीला नवा नाही. वि. स. खांडेकरांची ‘ययाती’ (१९५९) आम्ही पुन्हा वाचली ती या दृष्टीने. ययाती हा कौरव-पांडवांचा पूर्वज. त्याचा मुलगा पूरू याच्या वंशात कौरव-पांडव झाले आणि दुसरा मुलगा यदू याच्या वंशात श्रीकृष्ण. म्हणजे महाभारतातील भाऊबंदकीच्या कितीतरी पिढ्या आधी याच घराण्यात एका बापाने मुलाचे तारुण्य मागून घेतले होते. महाभारताच्या आदिपर्वात हे उपाख्यान आहे. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारा झालेला ययाती मुलांपुढे हात पसरतो, बाकीचे नाही म्हणतात आणि धाकटा पूरू हो म्हणतो. असा बाप घडला कसा, हे मात्र तिथे फारसे सांगितलेले नाही.

खांडेकरांनी नेमकी तीच जागा भरली. ययातीचा बाप नहुष इंद्रपदावर बसून मातला, त्याने ऋषींना पालखी वाहायला लावली आणि शाप ओढवून घेतला, ही कथा जुनीच. खांडेकरांनी तो शाप मुलांपर्यंत आणला : नहुषाची मुले कधी सुखी होणार नाहीत. थोरला भाऊ यती राज्य सोडून विरक्त झाला, एवढेच महाभारत सांगते. कादंबरीत मात्र ययातीची त्याच्याशी रानात गाठ पडते. एक भाऊ देहाचा द्वेष करतो, दुसरा देहाच्या आहारी जातो. दोघांच्या मागे भीती एकच. आमच्या मते कादंबरीतील सर्वात मोलाची गोष्ट हीच. बालपण कळल्यावर ययाती आपल्याला जवळचा वाटतो, त्याची भूक कुठून आली ते दिसते. तरीही पूरूपुढे तो हात पसरतो तेव्हा त्याला माफ करावेसे वाटत नाही. आईबाप, शाप, दुःख ही कारणे खरी असली तरी मागणारा तोंड उघडतो ते स्वतःच.

देवयानीच्या बाबतीत मात्र आमची तक्रार आहे. कचाने तिला नाकारले, शर्मिष्ठेशी भांडण होऊन ती विहिरीत पडली, एवढी पूर्वकथा तिच्या पदरात महाभारतानेच घातलेली आहे. कादंबरीत तिला स्वतःचे निवेदनही आहे. पण तिचा भूतकाळ बहुतेक तिचा अहंकार दाखवण्याच्याच कामी येतो. ययातीला जी सहानुभूती मिळते, तिची निम्मीही तिच्या वाट्याला येत नाही. शर्मिष्ठा आणि कच यांच्यावर लेखकाचा जीव आहे, हे लपत नाही. असो. मोठ्या लेखकालाही आपली लाडकी पात्रे असतात.

या कादंबरीला १९६० साली साहित्य अकादमीचा आणि पुढे ज्ञानपीठ पुरस्कार (१९७४) मिळाला. मराठीचे ते पहिले ज्ञानपीठ. विषय मोठ्यांचा असल्याने दहावीच्या पुढे ती वाचावी, असे आम्ही पालकांना सुचवू. आदिपर्वातील उपाख्यान मात्र लहान मुलांनाही सांगता येईल.

एक जागा अजून रिकामीच आहे. खांडेकरांनी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांना बोलते केले, पूरूला नाही. आपले तारुण्य देऊन टाकणारा तो मुलगा त्या आदल्या रात्री काय विचार करीत होता? नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला ते पान लिहावेसे वाटले, तर पुढच्या अंकासाठी वर्गशिक्षकांकडे द्यावे.