दगडावरची लक्ष्मी

जालना-परभणीकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात देवघराच्या भिंतीवर कमळात उभी असलेली चार हातांची लक्ष्मी अजून भेटते. काच धुरकटलेली, चौकटीला वाळवी लागलेली. घरातले म्हणतात, “रविवर्म्याची आहे.” हे अर्धंच खरं. मूळ तैलचित्र राजा रविवर्मा यांचं, पण भिंतीवरच्या तसबिरीला त्यांचा हात लागलेला नाही. ती चुनखडीच्या दगडांवर काढली छापखान्यातल्या कारागिरांनी, आणि त्यांची नावं तसबिरीवर कुठंच नसतात.

रविवर्म्यांची चित्रं छापावीत ही सूचना सर टी. माधवरावांची. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले हे मुत्सद्दी त्रावणकोर आणि बडोदा अशा दोन्ही संस्थानांचे दिवाण होते. चित्रांना मागणी एवढी, की एकट्या माणसाच्या हातून ती पुरी होणं अशक्य. तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून छापून आणावीत, असं त्यांनी 1884 मध्ये सुचवलं. पुढं सयाजीराव गायकवाडांसाठी काढलेली 14 पौराणिक चित्रं पाहायला गर्दी लोटली. रविवर्म्यांनी मात्र चित्रं युरोपात पाठवली नाहीत, तिथली यंत्रं आणि तंत्रज्ञच इकडं आणले. 1894 मध्ये मुंबईत छापखाना सुरू झाला आणि ‘शकुंतला जन्म’ हे पहिलं चित्र बाहेर पडलं. महाराष्ट्राला शिळाछाप चित्रं तेव्हा नवी नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची पुण्याची चित्रशाळा 1878 पासून देवादिकांची रंगीत चित्रं विकत होती. रविवर्म्यांच्या छापखान्यानं तैलचित्रातली छायाप्रकाशाची गोलाई कागदावर आणली.

हे घडायचं दगडावर. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतला चुनखडीचा दगड इतका बारीक पोताचा, की शिळाछापाला त्याच्या तोडीचा दुसरा मिळत नसे. आर्किऑप्टेरिक्स या आदिपक्ष्याची पिसंसुद्धा त्यात उमटून राहिली आहेत. त्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावातलं ‘लिथोग्राफिका’ याच दगडावरून आलं. दोन दगडांमध्ये वाळू आणि पाणी घालून ते एकमेकांवर घासत, पृष्ठभाग सपाट करत. मग तेलकट खडूनं किंवा शाईनं त्यावर चित्र काढायचं, तेही उलटं. वरून डिंक आणि सौम्य आम्लाचा हात दिला, की कोरी जागा पाणी धरते आणि तेलकट रेषा शाई धरते. दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला, की शाई फक्त चित्रावर बसते.

रंगीत चित्राला एक दगड पुरत नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आधी बाह्यरेषांचा नकाशा तयार करून त्याची फिकट खूण सगळ्या दगडांवर उतरवायची. मग कारागीर मूळ चित्राकडं पाहून मनातल्या मनात रंग सुटे करायचा. लक्ष्मीच्या गालावर पिवळा किती, गुलाबी किती, सावलीतला निळा कुठं संपतो, हे तो ठिपक्यांनी ठरवायचा. साधारणपणे फिके रंग आधी, गडद शेवटी. कागद दरवेळी नेमक्या खुणेवर बसला पाहिजे. तो केसभर सरकला तरी देवीचे ओठ ओठांबाहेर जातात. म्हणजे तसबीर ही चित्राची नक्कल नव्हे, ते चित्राचं दुसऱ्या हातानं केलेलं वाचन आहे.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. 1899 मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. म्हणून अनेक तसबिरींच्या तळाशी कार्ला-लोणावळा असा पत्ता असतो. कारभार रविवर्म्यांचे धाकटे भाऊ सी. राजराजवर्मा पाहत. पण कर्ज वाढत गेलं आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. 1906 मध्ये रविवर्मा गेले, तरी त्यांच्या नावाचा छापखाना चालूच राहिला. म. वि. धुरंधरांसारख्या इतर चित्रकारांची चित्रंही तिथं छापली गेली, जाहिराती आणि कॅलेंडरंही निघाली. याच छापखान्यासाठी फोटोलिथोचं काम केलेले धुंडिराज गोविंद फाळके पुढं स्वतःच्या छपाईच्या धंद्यात उतरले, नवं तंत्र शिकायला 1909 मध्ये जर्मनीला जाऊन आले आणि 1913 मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. पडद्यावरच्या देवांना तसबिरीतल्या देवांची ओळख आयती मिळाली होती.

1972 मध्ये मळवलीचा छापखाना आगीत सापडला. आज बाजारात ‘जुनी रविवर्मा’ म्हणून ऑफसेटच्या नकलाही खपवल्या जातात. त्या ओळखायला साधं भिंग पुरतं. ठिपके एका जाळीत, ओळीनं बसलेले दिसले तर छपाई अलीकडची. गालावर दाट, कपाळावर विरळ, कुठं मोठे, कुठं पुसट असे ठिपके दिसले तर ते कुणीतरी दगडावर ओणवं होऊन एकेक करून मांडलेले आहेत. तसबिरीची किंमत ठरवताना तळाचं नाव जरूर वाचावं, पण आधी हे ठिपके पाहावेत.