परक्यांचे दफ्तर

घोडबंदर रस्त्यावर मी राहावयास आलो ते २००० सालच्या पावसाळ्याच्या तोंडाशी. आणि ज्या व्यवसायाने मला येथे आणले त्याचे नाव तेव्हा माझ्या घरातही कोणाला धड सांगता येत नव्हते. शेजारणीने विचारले की आई सांगे, ‘संगणकाचे काहीतरी करतो,’ आणि त्या ‘काहीतरी’मध्ये दडलेली तिची काळजी मला स्पष्ट ऐकू येई. आता पंचवीस वर्षांनंतर, कासारवडवलीच्या आठव्या मजल्यावरील खिडकीत उभे राहून एका अंगाला येऊरचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला इमारतींच्या फटींतून दिसणारी खाडीची राखी पट्टी पाहत असता, तिला काय उत्तर द्यावयास हवे होते ते सुचते. आईचे वडील कल्याणला खाडीकाठच्या इमारती लाकडाच्या वखारीत दिवाणजी होते. मीही वखारच सांभाळतो, फक्त माझ्या वखारीत लोकांनी लिहिलेले शब्द, काढलेली छायाचित्रे आणि केलेले हिशेब ठेवलेले असतात, एवढे सांगितले असते तरी तिचे समाधान झाले असते.

हा रस्ता ज्या गावाला जातो त्या गावाच्या नावातच ही वखारदारी आहे. अरबी घोडे येथे उतरत म्हणून घोडबंदर, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पोर्तुगिजांनी खाडीवर किल्ला उभारला आणि १७३७ साली, वसईच्या मोहिमेच्या ओघात, तो मराठ्यांच्या ताब्यात आला. सत्ता बदलल्या, परंतु बंदराचा धर्म तोच राहिला: उतरलेला माल बंदराचा नसतो, तो कोणाचा तरी असतो आणि कोणाकडे तरी जावयाचा असतो, आणि मधल्या मुदतीत त्याला पाणी लागू न देणे व त्याची नोंद चुकू न देणे एवढेच बंदराच्या अंमलदाराच्या हाती असते. ठाण्यात या धर्माचे याहूनही थोर उदाहरण आहे. १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले, आणि इतरांनी लिहिलेले ग्रंथ जतन करणे हे स्वतंत्रपणे आयुष्य वेचण्याजोगे कार्य आहे, ही गोष्ट या गावाने तेव्हापासून मान्य केली. त्या संग्रहालयाच्या पायऱ्या मी विद्यार्थिदशेत अनेकदा चढलो. तेथील नोंदवह्यांचे मोल मात्र मला स्वतः परक्यांचे दफ्तर सांभाळू लागल्यावर कळले.

इंटरनेट हिंदुस्थानात सामान्य नागरिकांसाठी खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या मार्फत. विद्यार्थ्यांना वर्षाला ५०० रुपयांत मिळणारे खाते केवळ अक्षरे दाखवी, चित्रे नव्हेत. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले आणि त्याच वर्षी मुंबईत तुराखिया बंधूंनी संकेतस्थळांच्या व्यवसायातील डायरेक्टी या कंपनीची स्थापना केली. इतरांची संकेतस्थळे सर्व्हरवर ठेवणारी आमची कंपनी याच लाटेवर निघालेली, वागळे इस्टेटमधील एका जुन्या कारखान्याच्या पोटमाळ्यावर पाच माणसांची. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ही पहिली वसाहत. खालच्या मजल्यावर लेथ यंत्रे चालत आणि वर आम्ही बसलेले, त्यामुळे दूरध्वनीवर ग्राहकाला आमच्या आवाजाआधी लोखंडाची किरकिर ऐकू जाई. ‘डॉट इन’ हे देशाचे नाव तेव्हा जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राच्या देखरेखीखाली होते आणि नियम इतके कडक होते की २००४ अखेरपर्यंत अशी सुमारे ७,००० नावेच नोंदली गेली. पुढल्या वर्षी दार सर्वांना खुले झाले. आमचे सर्व्हर ठाण्यात नव्हतेच. येथील बँडविड्थ परवडत नसे, म्हणून ते टेक्सासमध्ये भाड्याने घेतलेले असत, आणि डोंबिवलीच्या फडके रोडवरील साड्यांच्या दुकानाचे पान त्याच रस्त्यावरील गिऱ्हाइकाला पाहावयाचे झाले तर ते अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून येई. या गोष्टीचे मला त्या काळी मोठे नवल वाटे, आणि अजूनही ते पुरते ओसरलेले नाही.

२६ जुलै २००५ चा दिवस या संदर्भात मला विसरता येत नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उल्हास नदीचे पाणी बदलापूर आणि कल्याणच्या सखल वस्त्यांत शिरले. मी त्या रात्री कचेरीतच अडकलो. पहाटे, जनरेटरवर लावलेल्या एकुलत्या एका पडद्यावर मी आमच्या ग्राहकांची पाने एकामागून एक उघडून पाहत होतो. कल्याणच्या एका पुस्तकविक्रेत्याचे दुकान छपरापर्यंत पाण्यात असल्याचा निरोप मला आदल्या संध्याकाळी मिळाला होता. आणि त्याचे पान समोर उघडले तेव्हा त्यावर त्याची सर्व पुस्तके, किमतींसह, कोरडी ठणठणीत उभी होती. त्या क्षणी मला आनंद झाला नाही, उलट एक विलक्षण लज्जा वाटली. जे वाचले होते ते केवळ यादीचे दफ्तर होते आणि ज्याच्यासाठी ती यादी होती तो माल चिखलात गेला होता. तीन आठवड्यांनी तो गृहस्थ आला आणि त्याने त्या यादीची छापील प्रत मागितली, कारण प्रकाशकांकडे नुकसानीचा तपशील देण्यास त्याच्यापाशी दुसरा एकही कागद उरला नव्हता. यादीला किंमत असते हे मला त्याने शिकविले.

पुढे ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियानजीक समुद्रतळावरील दोन तारा तुटल्या आणि देशाचा पश्चिमेकडील जालव्यवहार कित्येक दिवस रखडला, तेव्हा आपले दफ्तर आपल्या भूमीवर असावे ही इच्छा व्यवहाराच्याही कसोटीवर उतरली. अशा कामाला लागणारी माणसे या भूमीत होतीच. नाशिकला तर २००५ पासून ईएसडीएससारखी कंपनी याच व्यवसायात उभी राहत होती. आमचे सर्व्हर टप्प्याटप्प्याने ऐरोलीला आले. त्यांच्या खाडीपलीकडल्या दालनात मी प्रथम गेलो तेव्हा शीतयंत्रांच्या अखंड घोषात, निळ्या दिव्यांच्या रांगांमधून चालताना, देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना होतो तसा आवाज आपोआप खाली आला.

मराठी अक्षरांनी या काळात जे सोसले त्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे मला भाग आहे, कारण तो इतिहास आमच्यासारख्यांखेरीज कोणी पाहिलेला नाही. आरंभी प्रत्येक वृत्तपत्राचा आणि प्रत्येक छापखान्याचा फॉन्ट निराळा असे; एकाचा मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उमटे. युनिकोड आल्यावर हे अराजक मिटले असे सर्वांनी धरले. परंतु देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट व्यापते, ‘कि’ एवढ्या लहान अक्षराला सहा लागतात, आणि ज्या मायएसक्यूएल कोठारांत हा मजकूर साठविला जाई ती कोठारे २०१८ पर्यंत, कोणी मुद्दाम बदलल्याखेरीज, युरोपीय लिपीच्या मापानेच आखलेली असत. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर स्थलांतर करताना हातून जरा हयगय झाली की जे चिन्ह त्या मापात बसत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह पडे. कवितेच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी पाहिलेल्या ग्राहकाचा चेहरा मी विसरलेलो नाही. त्या प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षर परत मिळत नाही, जुनी प्रत हाताशी असली तरच मिळते. म्हणून मराठी मजकुराचे स्थलांतर मी संचालक झाल्यावरही कनिष्ठांवर सोपविले नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ‘डॉट भारत’ देवनागरीत सुरू झाले तेव्हा आमच्या कंपनीचे नाव मी त्याच आठवड्यात नोंदविले. ग्राहक फार थोडे आले, हे खरे. तरी आपल्या लिपीतल्या पत्त्यावर आपले पान उघडलेले पाहण्यात जे सुख आहे ते मी भोगले आहे.

आता २०११ ची गोष्ट. कल्याणचे एक सेवानिवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सारे गुरुजी म्हणत असू, गायमुखापासून कल्याणपर्यंतच्या गावांतील विहिरी, तळी आणि शेतबांध यांची नावे गोळा करीत. वृद्ध शेतकऱ्यांच्या बांधावर बसून त्यांनी ही नावे टिपली होती आणि ती आमच्याकडे ठेवलेल्या एका साध्या संकेतस्थळावर, दर रविवारी पाचदहा, अशी ते चढवीत. एके रात्री त्या सर्व्हरमधील दोन्ही डिस्क, ज्यांवर एकाच मजकुराच्या दोन प्रती असत, चार तासांच्या अंतराने बंद पडल्या. हे विरळा असले तरी असंभाव्य नाही, आणि त्यासाठीच दर रात्री दोन वाजता बॅकअप घेतला जाई. सकाळी मी तो उघडला. तो रिकामा होता. काही महिन्यांपूर्वी यंत्र बदलताना मजकुराची जागा बदलली होती, बॅकअपची आज्ञा मात्र जुन्या, ओस पडलेल्या जागेचीच नक्कल रोज इमानाने करीत राहिली होती आणि रोज सकाळी ‘काम पूर्ण’ असा अहवाल पाठवीत होती. तो अहवाल रोज वाचणारा मी होतो. रोजकीर्द लिहिली जात होती, रुजुवात कोणी केली नव्हती. आणि ही चूक यंत्राची नव्हे, माझी होती.

त्या दिवशी मी दूरध्वनी न करता स्वतः कल्याणला गेलो. गुरुजींनी सारे शांतपणे ऐकून घेतले, पाणी दिले, आणि बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाले, ‘त्यातले निम्मे म्हातारे आता नाहीत हो.’ त्यांच्यापाशी वह्या होत्या, पण शेवटच्या दोन वर्षांची टिपणे त्यांनी थेट संगणकावरच केली होती. पुढले चार महिने आमच्या कचेरीतील तीन मुले आणि मी, काम संपल्यावर, त्या वह्या पुन्हा टंकित करीत बसलो. शेवटच्या दोन वर्षांपैकी जे गुरुजींना आठवले ते त्यांनी सांगितले आणि जे आठवले नाही ते गेले. तेव्हापासून आमच्याकडे एक वहिवाट आहे: दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चिठ्ठी टाकून एक संकेतस्थळ निवडावयाचे, त्याचा बॅकअप कोऱ्या यंत्रावर उतरवावयाचा आणि प्रत्येक पान डोळ्यांनी पाहावयाचे. त्याला वेळ फार लागतो. तो आम्ही देतो.

या पंचवीस वर्षांत घोडबंदर रस्ता पार बदलला. ओवळ्याची भातशेते इमारतींखाली गेली, गायमुखाच्या घाटात अवजड वाहनांच्या रांगा लागू लागल्या, आणि मेट्रोच्या खांबांच्या सावलीत कचेरी गाठणे हा दिवसातला सर्वांत अनिश्चित भाग होऊन बसला. ९९.९ टक्के सेवेची हमी म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटांची मोकळीक. तेवढा वेळ मी मानपाडा ते कापूरबावडी या एवढ्याशा अंतरात अनेकदा घालविला आहे. म्हणून माझी खरी कृतज्ञता रात्रपाळीच्या मुलामुलींविषयी आहे, जी टिटवाळा, आसनगाव, बदलापूर येथून येतात आणि इतरांच्या झोपेच्या वेळी परक्यांचे दफ्तर जागवतात. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाचा सुरक्षाप्रणालीतील दोष उघड झाला तेव्हा दोन रात्री न झोपता त्यांनी प्रत्येक ग्राहकाची सुरक्षा प्रमाणपत्रे बदलली. ग्राहकांपैकी बहुतेकांना त्याची वार्ताही नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास पारेषण वाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारली. लिफ्ट बंद, दूरध्वनी मंद, आणि मी आठव्या मजल्यावर घरातच. टाळेबंदीपासून आमचे काम घरूनच चाले. ऐरोलीतील एका मुलीचा एका ओळीचा निरोप आला: ‘सर, जनरेटर घेतला, सगळे चालू आहे.’ तो निरोप मी जपून ठेवला आहे.

कायद्यांविषयी थोडक्यात. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने फर्मान काढले: सायबर घटनेची वर्दी सहा तासांत द्यावी, नोंदी १८० दिवस देशात ठेवाव्यात, ग्राहकांची ओळख पाच वर्षे जपावी. लहान कंपनीला हा भार जड आहे; तरी ज्याच्या कोठीत परक्याची अमानत आहे त्याला जाब विचारणारा कोणी असावा, असे माझे प्रामाणिक मत आहे.

गुरुजी २०१६ साली गेले. संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपली की त्यास काही दिवसांची सवलत असते, मग तीस दिवस ते जादा शुल्काने सोडविता येते, मग पाच दिवस ते कोणाचेच नसते, आणि त्यानंतर ते कोणीही घ्यावे. मृत माणसाला स्मरणपत्रे जात राहतात आणि उत्तर येत नाही, हा आमच्या कामातील नित्याचा आणि मला कधीही अंगवळणी न पडलेला प्रसंग. गुरुजींच्या नावाची मुदत संपण्यास आठ दिवस असताना त्यांच्या पत्नीचा दूरध्वनी आला. ‘अहो, ह्यांचे ते सगळे आहे ना तिथे अजून?’ मी म्हणालो, ‘आहे, काकू.’ शुल्काची काही गरज नाही असे मी परोपरीने सांगितले, त्या ऐकेनात. तेव्हापासून दर वर्षी वैशाखात त्या नातवाला घेऊन रिक्षाने येतात, पाकिटातून नोटा काढून माझ्या टेबलावर मोजतात, आणि मी पडद्यावर पाने उघडून दाखवितो तेव्हा चष्मा पुसून एखादे तळ्याचे नाव मोठ्याने वाचतात.

यंदाच्या जूनमधील पहिल्या सोमवारी चिठ्ठी गुरुजींच्याच नावाची निघाली. आम्ही चौघांनी मिळून तीनशे बारा पाने पाहिली, सर्व अक्षरे जागच्या जागी होती, आणि मी आपण होऊन काकूंना तसे कळविले. त्यांनी ऐकून घेतले, आणि मागच्या महिन्यातील पावतीवर नजरचुकीने त्यांचे स्वतःचे नाव पडले आहे, ते बदलून द्यावे, असे सांगितले. ‘पावती ह्यांच्याच नावाने करा हं,’ त्या म्हणाल्या. त्याच दुपारी मी ती नव्याने लिहून टपालात टाकली.