खाली काय आहे: बॉम्ब की घोड्याचा नाल?

समजा, तुमच्या हातात धातू शोधणारं यंत्र आहे. तुम्ही एका कुरणातून चालला आहात आणि यंत्र अचानक ओरडतं, 'पींऽऽ!' खाली काहीतरी धातूचं आहे. काय असेल? जुना खिळा? तारेचा तुकडा? घोड्याचा नाल? की सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी डागलेला आणि अजून न फुटलेला तोफगोळा?

यंत्राला ते ठाऊक नाही. त्याला फक्त ओरडता येतं.

अमेरिकेत अशी कुरणं पुष्कळ आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या सैन्याला सरावासाठी भरपूर जागा लागली. अलाबामा राज्यातल्या कॅम्प सिबर्टचंच बघा. 1942 मध्ये ही जागा सैन्याच्या ताब्यात आली, सैनिक उखळी तोफा चालवायला शिकले, महायुद्ध संपलं आणि जमीन पुन्हा लोकांकडे गेली. पण डागलेला प्रत्येक गोळा फुटतोच असं नाही. काही गोळे नुसतेच जमिनीत घुसतात आणि तिथेच राहतात. वर गवत उगवतं, गुरं चरतात, कुणी घर बांधायला पाया खणायला घेतं...

म्हणून अशा जमिनी साफ कराव्या लागतात. जुनी पद्धत सरळ होती. यंत्र ओरडलं की खणायचं, पण प्रत्येक वेळी खाली बॉम्बच आहे असं धरून. आजूबाजूची माणसं दूर हलवायची, प्रशिक्षित माणसं बोलवायची, हलक्या हाताने माती काढायची. आणि एवढं करून हाती काय यायचं? बहुतेक खड्ड्यांतून फुटलेल्या गोळ्यांच्या कपच्या, खिळे, तारा आणि नाल! वेळ, कष्ट, पैसा, सगळं बिनधोक भंगार उकरण्यात जायचं. खऱ्या बॉम्बची पाळी येईपर्यंत तिजोरी रिकामी व्हायची.

न खणताच खालच्या वस्तूची ओळख पटली तर?

ही ओळख कशी पटते ते मला फार आवडतं, म्हणून जरा सावकाश सांगते. तुमच्या घरी इंडक्शन शेगडी असेल तर तिच्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. वेटोळ्यातली वीज भराभर बदलते, त्यामुळे त्याच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वरच्या भांड्याच्या बुडात विजेचे छोटे छोटे भोवरे फिरू लागतात. त्या भोवऱ्यांनी भांडं तापतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होते हे मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये दाखवून दिलं होतं. बॉम्ब ओळखणारं यंत्रही याच तत्त्वावर चालतं. जमिनीवर तारेची वेटोळी ठेवायची, त्यांत वीज सोडायची आणि झटकन बंद करायची. खालच्या धातूत विजेचे भोवरे उठतात आणि मग हळूहळू विरतात. विरताना त्यांचं स्वतःचं एक क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं. वर बसलेली वेटोळी ते टिपून घेतात. हा सगळा खेळ जेमतेम पंचवीस मिलिसेकंदांचा, म्हणजे एका सेकंदाचा चाळिसावा भाग!

गंमत पुढे आहे. पातळ पत्र्यातले भोवरे लवकर विरतात. जाड पोलादातले जास्त वेळ टिकतात. तोफगोळ्याची भिंत जाड असते, म्हणजे ही झाली पहिली खूण. दुसरी खूण आकाराची. घड्याळातला पेन्सिल सेल हातात घ्या आणि बोटांत गोल फिरवा. कितीही फिरवला तरी तो सारखाच दिसतो, हो ना? त्याला एक लांबी आहे आणि दोन्ही आडव्या दिशांना माप एकच. आता चमचा फिरवून बघा. त्याची लांबी वेगळी, रुंदी वेगळी, जाडी वेगळी. तोफगोळा सेलसारखा गोल-लांबट असतो. त्याच्यावर तिन्ही दिशांनी चुंबकीय क्षेत्र सोडलं तर कागदावर तीन रेषा उमटतात आणि त्यांतल्या दोन एकमेकींवर जुळतात. फुटलेल्या कपचीच्या किंवा नालाच्या तिन्ही रेषा तीन वाटांनी जातात. न खणता, न हात लावता, नुसत्या रेषा बघून कळतं की हा गोळा आणि हे भंगार!

अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने असं एक यंत्र बनवलं, टेमटॅड्स. त्यात पाच ओळींत पाच-पाच अशी पंचवीस वेटोळी आहेत. दुसरं एक यंत्र मेटलमॅपर. कागदावर दोन्ही छान चालत होती.

पण कागदावर चालणं आणि कुरणात चालणं यांत मोठं अंतर असतं. प्रयोगशाळेत माती सपाट, वस्तू एकच, पाऊस नाही, उतार नाही. खऱ्या जमिनीत दगडांतही लोह असतं आणि चार वस्तू एकमेकींना चिकटून पडलेल्या असतात. इथे एक अडचण येते. शास्त्रज्ञाला संशोधनासाठी मिळालेले पैसे प्रयोगशाळेतच संपतात. सफाईचं काम करणारा अधिकारी म्हणतो, 'बाहेर कुठे वापरलंय का हे? नसेल तर मी जुनीच पद्धत वापरतो. उद्या बॉम्ब मागे राहिला तर जबाबदार कोण?' त्याचंही खरंच आहे. आणि बाहेर वापरून बघायला पैसे कुणी देत नाही, कारण ते कुणी बाहेर वापरलेलं नसतं! किती चांगल्या कल्पना या पेचात अडकून पडल्या असतील, विचार करा.

हा पेच सोडवायला अमेरिकेने दोन सरकारी योजना काढल्या. पहिली 1990 मध्ये. तिला थोडक्यात सर्डप म्हणतात. तिथलं संरक्षण खातं, ऊर्जा खातं आणि पर्यावरण संस्था मिळून ती चालवतात. तिचं काम नव्या कल्पनांच्या संशोधनाला पैसे देणं. दुसरी 1995 मध्ये, संरक्षण खात्याची, ईएसटीसीपी. पूर्ण नाव 'एन्व्हायर्न्मेंटल सिक्युरिटी टेक्नॉलॉजी सर्टिफिकेशन प्रोग्रॅम'. ही योजना सांगते: तुमची कल्पना प्रयोगशाळेत यशस्वी झाली ना? मग आता ती खऱ्या लष्करी तळावर, खऱ्या घाणीवर चालवून दाखवा. खर्च आम्ही देतो. पण काय घडलं, किती पैसे लागले, कुठे फसलं, ते सगळं लिहून द्यायचं आणि अहवाल सर्वांसाठी खुला ठेवायचा.

सैन्यामुळे झालेली घाण सरकारच्या पैशांतून निघायलाच हवी, त्यात उपकार कसले, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे तुमचं. तरीही 'चालवून दाखवा' यासाठी पैसे बाजूला काढणं मला फार शहाणपणाचं वाटतं.

तर, बॉम्ब ओळखण्याची ही परीक्षा झाली कशी? 2007 मध्ये त्याच कॅम्प सिबर्टच्या जमिनीवर यंत्रं फिरली. यंत्राने टिपलेली माहिती वेगवेगळ्या गटांना दिली गेली. प्रत्येक गटाने यादी बनवायची: ही वस्तू नक्की भंगार, ही बहुधा भंगार, ही सांगता येत नाही, ही नक्की गोळा. आणि यादीत एक रेघ मारायची. या रेघेच्या पलीकडचं खणा, अलीकडचं खुशाल जमिनीत राहू द्या! यादी एकदा दिली की बदलायची नाही. मग काय केलं असेल? सगळं खणलं. 'खणू नका' म्हटलेलंसुद्धा! एक-एक वस्तू बाहेर काढून यादीशी ताडून पाहिली. आपण बरोबर आहोत असं वाटत असतानाही शेवटची वस्तू उकरून बघायची, ही या सगळ्या हकिकतीतली माझी सर्वांत लाडकी गोष्ट.

सिबर्टचा पेपर तसा सोपा होता. तिथे एकाच जातीचे मोठे गोळे होते, साधारण पावणेअकरा सेंटिमीटर व्यासाचे. 2009 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅम्प सॅन लुइस ओबिस्पोला पेपर अवघड झाला. डोंगरउतार, आणि गोळे वेगवेगळ्या मापांचे. 2010 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प बटनरला तर अवघ्या 37 मिलिमीटर व्यासाचेही गोळे होते, म्हणजे मोठ्या गोळ्यांच्या कपच्यांएवढेच. नवी यंत्रं आणि माहिती वाचणारी माणसं, दोघंही प्रत्येक परीक्षेत तयार होत गेली. आज अमेरिकेत ही पद्धत रोजच्या सफाईच्या कामात आली आहे आणि ती वापरणाऱ्या कंपनीला आधी प्रमाणपत्र मिळवावं लागतं.

न फुटलेल्या गोळ्याची ही गोष्ट झाली. फुटलेला गोळा तरी पूर्ण जळतो का? नाही. थोडी स्फोटकं मातीत सांडतात. त्यांत एक नाव तुम्ही बातम्यांत ऐकलेलं असेल, आरडीएक्स. टीएनटी हे दुसरं स्फोटक मातीला धरून राहतं, पण आरडीएक्स पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि भूजलात उतरतं. मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड नावाचा भूभाग आहे. तिथली माणसं भूजलावरच अवलंबून आहेत, आणि त्या भूजलात लष्करी सरावाच्या मैदानाखाली आरडीएक्स सापडलं. 1997 मध्ये पर्यावरण संस्थेने तिथला गोळीबाराचा सराव थांबवायला लावला. अमेरिकेतल्या एक कोटी हेक्टरहून जास्त लष्करी जमिनीत दारूगोळ्याचे अंश आहेत. सगळा महाराष्ट्र सुमारे तीन कोटी हेक्टरांचा. म्हणजे त्याचा एक तृतीयांश! एवढी माती खणून धुणार कशी?

उत्तर मातीतच सापडलं. स्फोटकांनी खराब झालेल्या मातीत ऱ्होडोकॉकस नावाचा एक जिवाणू निघाला. आरडीएक्समध्ये नायट्रोजन भरपूर असतो आणि या जिवाणूला नायट्रोजन हवा असतो, म्हणून तो आरडीएक्स तोडून खातो! पण एकटा जिवाणू एवढ्या आरडीएक्सला पुरा पडत नाही. ते खाली झिरपायच्या आत त्याचं काम उरकत नाही. उलट, झाडाची मुळं पाण्याबरोबर आरडीएक्स भराभर शोषतात, पण झाडाला ते तोडता येत नाही. ते पानांत साठतं आणि पान गळलं की पुन्हा मातीत.

मग इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या नील ब्रूस आणि लिझ रायलट यांनी जिवाणूचं कौशल्य झाडाला द्यायचं ठरवलं. जिवाणूतली आरडीएक्स तोडणारी दोन जनुकं त्यांनी वनस्पतीत घातली. टीएनटीमुळे मुळं खुरटतात, म्हणून त्यापासून वाचवणारं तिसरं जनुक दुसऱ्या एका जिवाणूकडून घेतलं. आणि कोणती वनस्पती निवडली? गवत! सरावाच्या मैदानावरून रणगाडे जातात, आगी लागतात, गोळे पडतात. झाड मेलं की मेलं, पण गवत मुळांपासून पुन्हा वर येतं. त्यांनी निवडलेलं स्विचग्रास हे अमेरिकेतलं उंच गवत वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने पॅनिकम प्रजातीतलं आहे. आपण उपासाला जी वरई खातो, तीही पॅनिकमच. म्हणजे बॉम्ब पचवणारं गवत आपल्या वरईचं भावंड निघालं!

कुंडीत ते गवत छान वागलं, पण कुंडी म्हणजे मैदान नव्हे. म्हणून ईएसटीसीपीच्या पैशांतून न्यूयॉर्क राज्यातल्या फोर्ट ड्रम या लष्करी तळावर वाफे तयार झाले. वॉशिंग्टन विद्यापीठातले आणि अमेरिकी लष्कराचे शास्त्रज्ञही सोबत होते. तिथे हिवाळ्यात बर्फाचे ढीग पडतात. अशा जागी तीन वर्षं गवत वाढवलं. निकाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाला: एका हेक्टरमागे 27 किलो या दराने गवताने आरडीएक्स तोडलं होतं. नुसतं शोषून ठेवलं नव्हतं, खरोखर मोडून टाकलं होतं.

जनुक बदललेलं गवत उघड्यावर लावायचं म्हणजे ते इकडेतिकडे पसरणार नाही ना, हेही बघावं लागतं. त्यासाठी परवानग्या असतात, नियम असतात. ही काळजी मला योग्य वाटते. एक घाण काढताना दुसरी अडचण पेरायची नाही.

ईएसटीसीपीच्या मदतीने अशा कितीतरी कल्पना जमिनीवर उतरल्या. विमानांचे सुटे भाग धुवायला वापरलेलं टीसीई नावाचं रसायन तळाखालच्या भूजलात उतरतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे रॉबर्ट गिलहॅम यांनी दाखवलं की लोखंडाचा साधा कीस त्याचा नाश करतो. 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉफेट फील्ड या विमानतळावर जमिनीखाली लोखंडाच्या किसाची भिंतच उभी केली. पंप नाही, वीज नाही. पाणी आपल्या वाटेने त्या भिंतीतून वाहतं, लोखंड गंजत राहतं आणि गंजता गंजता टीसीईतला क्लोरीन काढून घेतं.

सध्या सगळ्यांत कठीण पेपर आहे तो विमानांच्या आगी विझवणाऱ्या फेसाचा. त्यातल्या पीफास रसायनांत कार्बन आणि फ्लोरीन यांची जोडी असते, आणि ती जोडी कोणताही जिवाणू सहजी फोडत नाही. फ्लोरीन नसलेला फेस कसा असावा याची नियमावली अमेरिकी संरक्षण खात्याने 2023 च्या जानेवारीत काढली. पण जुन्या फेसाचं काय? एक उपाय असा: पाणी 374 अंश सेल्सिअसच्या वर तापवायचं आणि हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दोनशेपटींहून जास्त दाबाखाली ठेवायचं. तेव्हा ते धड द्रवही राहत नाही आणि धड वाफही होत नाही. अशा पाण्यात प्राणवायू सोडला की पीफासची ती हट्टी जोडी तुटते. यंत्रं तयार आहेत, फेसाची पिंपं समोर आहेत, आणि चालवून दाखवण्याचे प्रयोग सुरू आहेत.