चंदेरी कागद माळ्यावर अंथरू नका, पत्र्याखाली ताणा

शेतकरी बंधूंनो, वैशाखात भर दुपारी आपल्या पत्र्याच्या घराच्या माळ्यावर पाच मिनिटे थांबून बघा. पत्रा डोक्यापासून हातभर लांब असतो, तरी टाळू भाजते. कडक उन्हात पत्रा ६० अंशांच्या पुढेही तापतो आणि चुलीसारखी धग खाली सोडतो. त्याच माळ्यावर आपण सोयाबीनचे घरचे बियाणे ठेवतो. पुढे ते उगवले नाही, की बोल मात्र पावसाला!

धगीवर अ‍ॅल्युमिनियमचा चंदेरी कागद हा चांगला उपाय आहे. स्वच्छ कागद ९० टक्क्यांहून अधिक धग परतवतो. पण तो लावायचा कुठे?

सोपे पडते म्हणून पुष्कळ जण तो माळ्याच्या फळ्यांवर अंथरतात. त्यावर धूळ बसते, चकाकी जाते आणि चकाकी गेली की गुण गेला. शिवाय पोती कागदाच्या वर, म्हणजे धगीतच राहतात. काही जण चंदेरी बाजू पत्र्यालाच चिकटवतात. तेही वाया जाते, कारण चकाकीसमोर मोकळी हवा लागते.

योग्य जागा म्हणजे पत्र्याखालचे वासे. वाशांच्या खालच्या अंगाला कागद ताणून बांधा. पत्रा व कागद यांत निदान एक इंच पोकळी ठेवा. एकाच बाजूने चंदेरी असेल तर ती बाजू खाली करा, तिथे धूळ बसत नाही. वळचणीला व आढ्याजवळ फट सोडा, म्हणजे गरम हवा निघून जाईल. विजेच्या तारांपासून कागद दूर ठेवा, त्यातून वीज वाहते. चुलीवरही लावू नका, धुराने काळा पडेल.

पैसा कमी असेल तर सगळे घर मढवायची गरज नाही. आधी बियाण्यावर आणि निजायच्या जागेवर लावा, मग पश्चिमेच्या उतारावर. तेवढेही जमत नसेल तर उन्हाळ्याआधी पत्र्याला वरून चुना मारा.

कागद लावला म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. खाली थंड, कोरडी खोली असेल तर बियाणे तिथेच, लाकडी फळ्यांवर ठेवा. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात घालून उगवण तपासा. ७० तरी उगवले पाहिजेत.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावातल्या पत्र्याच्या अंगणवाडीकडेही एकदा भर दुपारी जाऊन यावे. तिथे तर आपली पोरे बसतात.