कंबर दुखते म्हणणाऱ्या बाईचं ऐकू या

रिपोर्ट नॉर्मल आला की कंबर धरून बसलेल्या बाईला आपण ‘नाटक करते’ म्हणून मोकळे होतो. ब्रिटनचे आरोग्य मानसशास्त्रज्ञ जोनाथन स्मिथ यांनी माणूस आपलं आजारपण कसं जगतो, हे त्याच्याच बोलण्यातून समजून घेण्याची पद्धत १९९६ मध्ये मांडली. १९९८ मध्ये माइक ऑसबोर्न आणि त्यांनी जुनाट कंबरदुखीच्या फक्त ९ स्त्रियांच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुखण्याचं कारण त्यांना उमगत नव्हतं. लोकांना ते खोटं वाटेल ही धास्ती होती. त्यामुळे चारचौघांत जाणंही त्या टाळत. हे एक्स-रेत दिसत नाही. म्हणून घरातल्या दुखणाईताला आपण आधी विचारू: कधी दुखतं, कोणतं काम अडतं? मग सोबत दवाखान्यात जाऊन तेच डॉक्टरांना सांगू.