पैशाचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने कुणी रचली, त्याने हॉलिवूडचे स्वस्तातले गुन्हेगारीपट पाहिले नसावेत! तिथल्या काही मंडळींनी जन्मभर हेच एक सोंग आणले, आणि तेही इतके बेमालूम की प्रेक्षकांना पत्ता लागू नये.

त्या काळी अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवीत. पहिला बड्या नटनट्यांचा, भरपूर खर्चाचा. दुसरा भरतीचा. या भरतीच्या चित्रपटांत दरोडेखोर आणि पिस्तुले यांची चलती असे, कारण पिस्तुलाला पगार द्यावा लागत नाही!

असल्या धंद्यात मुरलेले निर्माते म्हणजे किंग बंधू. त्यांचे मूळ आडनाव कोझिन्स्की. नाणी टाकून खेळायच्या यंत्रांच्या व्यापारात पैसा करून ही मंडळी चित्रपटांत शिरली. १९४५ साली त्यांनी ‘डिलिंजर’ हा नामांकित दरोडेखोरावरचा चित्रपट काढला. त्यात एक मोठा दरोडा दाखवायचा होता. पण दरोडा चित्रित करायचा म्हणजे मोटारी आल्या, माणसे आली, धूर आला. किंग बंधूंनी काय करावे? फ्रित्झ लांग या दिग्दर्शकाच्या १९३७ सालच्या ‘यू ओन्ली लिव्ह वन्स’मधला दरोडाच घेतला आणि आपल्या चित्रपटात जोडून दिला! आणि गंमत अशी, की याच चित्रपटाच्या लेखनाला ऑस्करचे नामांकन मिळाले.

पण मला सांगायचे आहे ते त्यांच्या पुढच्या एका चित्रपटाविषयी. ‘गन क्रेझी’, म्हणजे ‘बंदूकवेडी’. जानेवारी १९५० मध्ये तो ‘डेडली इज द फीमेल’ या नावाने लागला आणि त्याच वर्षी नाव बदलून पुन्हा आला. गोष्ट साधी. बार्ट नावाच्या तरुणाला लहानपणापासून बंदुकीचे वेड, पण जीव घेणे त्याच्या हातून होत नाही. जत्रेत नेमबाजीचे खेळ करणाऱ्या लॉरीवर तो भाळतो. लग्न होते, पैसे संपतात, आणि लॉरी त्याला दरोड्यांच्या वाटेला लावते. जॉन डॉल आणि पेगी कमिन्स या जोडीने ही कामे केली आहेत.

दिग्दर्शक होता जोसेफ एच. लुईस. स्वस्तातले घोडेस्वारपट काढण्यात त्याची उमेदवारी झाली होती. प्रसंग कंटाळवाणा वाटला की हा कॅमेऱ्यापुढे गाडीचे एखादे चाक आडवे ठेवी आणि त्याच्या आऱ्यांतून चित्रण करी. म्हणून लोक त्याला ‘वॅगन व्हील जो’ म्हणत. अशा माणसाच्या हाती सुमारे चार लाख डॉलर्स आणि तीस दिवस आले. हॉलिवूडच्या हिशेबात ही चिल्लरच.

पटकथेत बँकेवरचा एक दरोडा होता. लिहिलेली पाने सतरा! ते सारे चित्रित करायचे म्हणजे बँकेचा देखावा उभारा, कारकून आणा, गिऱ्हाइके आणा. लुईसने ठरवले, बँकेत शिरायचेच नाही. एका लांबलचक कॅडिलॅक गाडीतल्या मागच्या बैठका काढल्या, तिथे वंगण लावलेली एक फळी टाकली, फळीवर घोड्याचे खोगीर बसवले आणि त्यावर कॅमेरा. खोगीर पुढे ढकलले की कॅमेरा पुढे, ओढले की मागे! लहान ध्वनिग्राहक गाडीत दडवले आणि ध्वनिमुद्रण करणारी माणसे गाडीच्या टपावर चढवली. मग ही वरात लॉस एंजेलिसजवळच्या माँट्रोझ गावातल्या खऱ्या बँकेकडे निघाली. रस्त्यावरच्या लोकांना काहीएक कल्पना नव्हती. संवाद नटांनी आयत्या वेळी बोलायचे होते. गाडी उभी करायला जागा मिळेल की नाही, हेही ठाऊक नव्हते. म्हणून जागेची ती चिंता त्यांच्या बोलण्यात खरीखुरी उतरली आहे.

हा प्रसंग मी घड्याळ लावून पाहिला. साडेतीन मिनिटांच्या आसपास भरतो, आणि मध्ये कुठेही तुकडा जोडलेला नाही. बार्ट बँकेत जातो, आपण मात्र गाडीतच बसून राहतो. बाहेर पोलीस येतो, लॉरी उतरून त्याच्याशी गोड बोलते, आणि आपल्या छातीत धडधडू लागते. आत काय चालले असेल? दाखवले असते तर इतके भय वाटले नसते! दरोडा आटोपून गाडी सुसाट निघते, लॉरी मागे वळून पाहते आणि हसते. ते हसू पाहून काटा येतो. शेवटच्या दलदलीच्या प्रसंगातही हीच युक्ती आहे. धुके इतके दाट, की पलीकडे देखावा उभारलेला आहे की नाही हे कळतच नाही. १९९८ साली अमेरिकेने हा चित्रपट आपल्या राष्ट्रीय चित्रपट-सूचीत जतन करण्यासाठी निवडला. पुष्कळ महागडे चित्रपट विस्मृतीत गेले. ही भरतीची वस्तू मात्र टिकली.

इथवर सारे कौतुकाचेच. पण या स्वस्ताईला आणखी एक बाजू आहे.

मूळ कथा मॅकिन्ले कँटर यांची. पटकथेवर त्यांच्या जोडीला नाव लागले मिलर्ड कॉफमन यांचे. प्रत्यक्षात कॉफमन यांनी ती लिहिलीच नव्हती. ती लिहिली होती डाल्टन ट्रंबो यांनी. १९४७ साली अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे आपली राजकीय मते सांगायला ज्या दहा जणांनी नकार दिला, त्यांपैकी हे एक. मोठ्या कंपन्यांनी त्यांना दारे बंद केली. १९५० साली तुरुंगही घडला. ज्या लेखकाला एका चित्रपटाचे ७५ हजार डॉलर्स मिळत, त्याला किंग बंधूंनी पावणेचार हजार देऊ केले, आणि तेही हप्त्याहप्त्याने! कॉफमन यांनी सद्भावनेने आपले नाव वापरू दिले. किंग बंधूंनाही सरसकट दोष देता येत नाही. इतरांनी पाठ फिरवली तेव्हा काम यांनीच दिले. पण अडलेल्या माणसाचा भाव किती पडतो, हेही त्यांना पक्के ठाऊक होते.

पुढे त्यांच्याच ‘द ब्रेव्ह वन’साठी ट्रंबो यांनी ‘रॉबर्ट रिच’ या खोट्या नावाने लिहिले. १९५७ च्या समारंभात त्या नावाला ऑस्कर मिळाले आणि घ्यायला लेखक आलाच नाही! ती बाहुली ट्रंबो यांच्या हाती पडली १९७५ साली. पुढच्याच वर्षी ते वारले. ‘गन क्रेझी’चे श्रेय त्यांच्या नावावर लागायला तर त्यांच्या मृत्यूनंतरही बरीच वर्षे जावी लागली.

काटकसर आपल्याही घरोघरी चालते, आणि ती दोन तऱ्हेची असते. जुन्या लुगड्याची गोधडी करणे ही एक. कामाला येणाऱ्या बाईची अडचण ओळखून तिचे चार रुपये कापणे ही दुसरी. खर्चाच्या वहीत दोन्ही सारख्याच दिसतात. फळीवरचे खोगीर, दाट धुके, बँकेबाहेर थांबलेली गाडी ही पहिल्या जातीची काटकसर. तिने वस्तूचे सोने केले. पटकथेवरचे ते दुसऱ्याचे नाव ही दुसऱ्या जातीची. थोडक्या पैशात काय साधले याचे कौतुक जरूर करावे; मात्र उरलेली रक्कम कोणाच्या खिशातून गेली, हेही एकदा विचारून घ्यावे.